टूल मेलं, आता नियमाचंही तेरावं घाला

गेल्या शनिवारी जुनी हार्ड डिस्क साफ करत बसलो होतो. बायकोचा अल्टिमेटम होता, की एकतर त्या ड्रॉवरमधल्या डिस्क फेक नाहीतर ड्रॉवर घेऊन तूच बाहेर पड. तर त्या सफाईत एक पीडीएफ सापडली. फाइलचं नाव ‘कोडिंग स्टँडर्ड्स फायनल नवीन ४’. पानं ७४. माझ्या आधीच्या एका कंपनीची. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण अशी पीडीएफ नसलेली कंपनी मला अजून भेटायची आहे.

उघडली आणि वाचता वाचता चहा गार झाला. कारण या पीडीएफमुळे एका पोरीचं अप्रेझल खराब झालं होतं, आणि त्या अप्रेझलवर सही माझी होती. ती गोष्ट आधी सांगतो, मग भांडतो.

(एक सूचना: हा ब्लॉग देवनागरीत आहे, त्यामुळे कोडमधली नावंही देवनागरीतच लिहितो. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, म्हणून ते शब्दांत सांगावं लागेल. थोडा त्रास होईल, पण हाच त्रास पुढे मुद्दा म्हणून उपयोगी पडणार आहे. :) )

तर पीडीएफचा नियम असा, की क्लासमधल्या प्रत्येक व्हेरिएबलच्या आधी त्याच्या टाइपचं एक अक्षर लावायचं. स्ट्रिंग असेल तर स्मॉल एस, इंटिजर असेल तर स्मॉल आय, बूलियनला बी. म्हणजे ‘नेम’ या फील्डचं नाव झालं स्मॉल एस, मग कॅपिटल एन, मग उरलेलं. प्रोजेक्ट जावाचा. जावामध्ये टाइप डिक्लेरेशनमध्येच लिहिलेला असतो, चुकलात तर कंपायलर तिथल्या तिथे कान धरतो, तरी अक्षर लावायचं. का? तर नियम आहे.

टीममध्ये सांगलीकडची एक मुलगी नव्याने लागली होती. हुशार, आणि आळशीपणाचा जो चांगला प्रकार प्रोग्रामरला लागतो तो तिच्यात होता. तिने पाहिलं की एका क्लासमध्ये नुसते गेटर-सेटर मिळून चारशे ओळी आहेत. ते सगळं काढून तिने लॉम्बॉकची एक ओळ लावली. कोणीही हेच करेल. मी रिव्ह्यू केला, मी पास केला.

आता नीट ऐका. आधीचे गेटर एक्लिप्सने तयार केले होते. फील्डचं पहिलं अक्षर स्मॉल आणि दुसरं कॅपिटल असेल तर एक्लिप्स पहिल्या अक्षराला हात लावत नाही. म्हणजे ‘गेट’, मग स्मॉल एस, मग कॅपिटल एन. लॉम्बॉक तसं करत नाही, ते सरळ पहिलं अक्षर कॅपिटल करतं. म्हणजे ‘गेट’, मग कॅपिटल एस, मग कॅपिटल एन. त्या गेटरवरून जेसन तयार करणारी लायब्ररी होती जॅक्सन, तिची दुसरी मालिका. तिचं डिफॉल्ट वागणं असं, की ‘गेट’ काढून टाकल्यावर सुरुवातीला जितकी कॅपिटल अक्षरं सलग येतील ती सगळी स्मॉल करायची. झालं! काल जेसनमध्ये जी की स्मॉल एस-कॅपिटल एन अशी जात होती, ती आज सगळी स्मॉलमध्ये जायला लागली.

पलीकडची सिस्टिम दुसऱ्या कंपनीची. तिला अनोळखी की दिसली की ती सोडून द्यायची, आणि ओळखीची सापडली नाही की तिथे रिकामं भरायचं. शुक्रवारी रात्री रिलीज झाला. सोमवारी सकाळी कळलं, की वीकेंडभरात भरलेल्या अर्जांत वारसदाराच्या नावाच्या जागी काहीच नाही.

गंमत पुढेच आहे. तुम्ही म्हणाल, टेस्ट नव्हत्या का? होत्या! त्याच पोरीने लिहिल्या होत्या, आणि नेमकं हेच तपासणारी एक होती. पण पीडीएफच्या एक्केचाळिसाव्या पानावर नियम असा की टेस्टच्या क्लासचं नाव ‘टीसी’ आणि अंडरस्कोरने सुरू करायचं. आमचं बिल्ड मेव्हनवर. मेव्हनचं शुअरफायर प्लगइन टेस्ट शोधतं ते नावावरून. नाव ‘टेस्ट’ने सुरू व्हावं, किंवा ‘टेस्ट’, ‘टेस्ट्स’ नाहीतर ‘टेस्टकेस’ने संपावं. ‘टीसी’ त्याच्या गावीच नाही. एक्लिप्समध्ये राइट-क्लिक करून चालवली की टेस्ट चालायची, हिरवी दिसायची. तशी तिने लॉम्बॉकच्या आधी चालवलीही होती. नंतर सगळ्यांसारखाच तिनेही बिल्ड सर्व्हरवर भरवसा ठेवला. बिल्ड सर्व्हरने ती टेस्ट कधी चालवलीच नव्हती. एकदाही नाही.

मीटिंग झाली. मूळ कारण म्हणून लिहिलं गेलं, ‘मानवी चूक’. मी कुरकुर केली, पण पीडीएफ लिहिणारे साहेब समोर बसले होते, आणि ते म्हणाले, “नियम पंधरा वर्षं चाललाय. टूल नवीन आणलं कोणी?” प्रश्न वरवर बिनतोड होता. पोरीच्या अप्रेझलमध्ये ‘बारकाव्यांकडे लक्ष हवे’ असं वाक्य गेलं. ते मी टाइप केलं. आठ महिन्यांनी तिने कंपनी सोडली.

असो. आता भांडण.

माझं म्हणणं एवढंच आहे. नामकरणाचा प्रत्येक नियम कुठल्यातरी टूलच्या पोटातून जन्माला आलेला असतो. ते टूल जिवंत असेल तर नियम मुकाट पाळा, तिथे शहाणपणा नको. ते टूल मेलं असेल तर नियमाला पोहोचवून या. आपण करतो नेमकं उलटं. मेलेल्या टूलचे नियम आपण ७४ पानांत जपतो आणि जिवंत टूलचे नियम कोणालाच माहीत नसतात.

इतिहासच बघा ना. लूपमध्ये आय, जे, के का लिहितो आपण? गणितातली सवय आहे, ते खरंच. पण ती कोडमध्ये घट्ट बसवली फोरट्रानने. १९५६ च्या फोरट्रान मॅन्युअलात नियम होता, की नाव आयपासून एनपर्यंतच्या अक्षराने सुरू झालं तर ते पूर्णांक, नाहीतर दशांश. तिथे नाव हाच टाइप होता. आणि नाव जास्तीत जास्त सहा अक्षरांचं, कारण आयबीएम ७०४ च्या ३६ बिटांच्या एका शब्दात सहा बिटांची सहाच अक्षरं मावायची. यंत्राचं कपाट तेवढं होतं, म्हणून कपडे तेवढे. बरोबरच होतं ते.

मग सी आली. १९८९ च्या स्टँडर्डने लिहून ठेवलं, की बाहेर दिसणाऱ्या नावांची पहिली सहाच अक्षरं लक्षात घेतली जातील एवढीच हमी आहे, आणि कॅपिटल-स्मॉल फरक केला जाईलच असंही नाही. कारण तेव्हाचे काही लिंकर तसे होते. १९९९ मध्ये ही हमी ३१ अक्षरांवर गेली. सीच्या लायब्ररीतली ती स्वर गाळलेली नावं बघा, ती या काटकसरीच्या घरात वाढलेली आहेत. युनिक्समध्ये फाइल तयार करण्याच्या कॉलच्या नावातलं शेवटचं ई गायब आहे. केन थॉम्पसनला एकदा विचारलं होतं, की युनिक्स पुन्हा लिहिलंत तर काय बदलाल? तो म्हणाला, त्या नावाला ई लावेन. देवमाणूस! चूक झाली म्हणाला आणि मोकळा झाला. आपल्याकडे त्यावर पंधरा पानी समर्थन आलं असतं.

ओरॅकलमध्ये कॉलमचं नाव वर्षानुवर्षं ३० बाइटांत बसवायला लागायचं. १२.२ या आवृत्तीत ती मर्यादा १२८ झाली. पण आजही नव्या टेबलात ‘कस्ट’, ‘ॲडर’, ‘डीटीएल’ असली दात पडलेली नावं येतातच. विचारलं तर उत्तर येतं, “आमच्याकडे असंच लिहितात.” लग्नाला आलेलं मांजर टोपलीखाली झाकलं होतं म्हणून पुढच्या प्रत्येक लग्नात मांजर शोधत फिरणारं ते घर आठवतंय? आपण तेच घर आहोत.

आता त्या टाइपच्या अक्षराकडे येतो, कारण माझं खरं वैर त्याच्याशी आहे. ही हंगेरियन पद्धत. चार्ल्स सिमोनी हा मूळचा बुडापेस्टचा माणूस. आधी झेरॉक्स पार्क, मग १९८१ पासून मायक्रोसॉफ्ट. (नंतर स्वतःच्या पैशाने दोनदा अंतराळात जाऊन आला, २००७ आणि २००९ मध्ये. आपण अजून हिंजवडीच्या सिग्नलला.) त्याची मूळ कल्पना शहाणी होती. नावाआधी जे लावायचं ते टाइपचं नव्हे, ते ‘हे काय प्रकारचं आहे’ याचं. स्प्रेडशीटमध्ये ओळीचा क्रमांकही पूर्णांक आणि स्तंभाचा क्रमांकही पूर्णांक. कंपायलरला दोन्ही सारखेच. चुकून ओळीच्या जागी स्तंभ टाकलात तर तो गप्प बसणार. तिथे नावाआधी ओळीची किंवा स्तंभाची खूण असेल तर चूक डोळ्यांना खुपते. म्हणजे जे टूलला दिसत नाही ते माणसाला दाखवायचं.

पुढे या कल्पनेची नक्कल झाली आणि लोकांनी ‘प्रकार’ म्हणजे ‘टाइप’ असं धरलं. म्हणजे कंपायलरला जे आधीच माहीत आहे तेच परत नावात कोरायचं. जोएल स्पोल्स्कीने २००५ मध्ये या घोटाळ्यावर एक लांबलचक लेख लिहिला होता, तो शोधून वाचाच. आणि पुरावा हवा असेल तर विंडोजचा प्रोग्राम उघडा. प्रत्येक मेसेजबरोबर येणारं एक पॅरामीटर आहे, त्याच्या नावाआधी डब्ल्यू आहे. डब्ल्यू म्हणजे वर्ड, १६ बिटांचा. सोळा बिटांच्या विंडोजमध्ये ते खरं होतं. बत्तीसच्या विंडोजमध्ये ते ३२ बिटांचं झालं, चौसष्टच्या विंडोजमध्ये ६४ बिटांचं. नाव अजून ‘डब्ल्यू’च. असंख्य प्रोग्राम त्या नावावर बसलेत, बदलणार कोण? टाइप नावात कोरला की टाइप बदलल्यावर नाव खोटं बोलायला लागतं. मायक्रोसॉफ्टच्याच डॉट नेटच्या मार्गदर्शिकेत ‘हंगेरियन वापरू नका’ असं स्पष्ट लिहिलंय. माहेरच्यांनी नाव टाकलं, पण सासरचे सोडत नाहीत!

हे झालं मेलेल्या टूलचं. आता जिवंत टूलकडे बघा, तिथे आपली काय तयारी आहे.

जावाबीन्सचं स्पेसिफिकेशन १९९७ चं. त्यात असं ठरलं, की गेटरच्या नावातून फील्डचं नाव काढताना पहिलं अक्षर स्मॉल करायचं, पण पहिली दोन्ही अक्षरं कॅपिटल असतील तर हात लावायचा नाही. का? तर ‘यूआरएल’ सारखं नाव तीन कॅपिटलमध्येच राहावं, त्याचं पहिलं अक्षर स्मॉल होऊन विचित्र कडबोळं होऊ नये म्हणून. एका लघुनामाची सोय केली आणि एका अक्षराने सुरू होणारी सगळी नावं खड्ड्यात गेली. म्हणजे आमच्या त्या फील्डला आम्ही एक नाव दिलं होतं, लॉम्बॉकच्या गेटरवरून जावाबीन्सने दुसरं काढलं असतं, आणि जॅक्सनने तिसरं काढलं. बारशाला तीन आत्या, तिघींनी कानात वेगवेगळं नाव सांगितलं. हा घोळ इतका जुना आणि इतका सार्वत्रिक आहे, की २०२२ मध्ये लॉम्बॉकने त्यासाठी वेगळी सेटिंग दिली. एक स्मॉल अक्षर आणि पुढे कॅपिटल अशा नावांपासून जावामध्ये लांब राहा, हा जिवंत नियम आहे. आमच्या पीडीएफने नेमकी तीच रचना सक्तीची केली होती!

गो भाषेत बघा. फाइलच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि ‘विंडोज’ असेल तर ती फाइल फक्त विंडोजसाठी कंपाइल होते. अंडरस्कोर ‘आर्म’ असेल तर फक्त आर्म प्रोसेसरसाठी. आता कल्पना करा, तुम्ही यंत्रमानवाच्या हाताचं कोड लिहिताय आणि भाबडेपणाने फाइलचं नाव ठेवलंत रोबो-अंडरस्कोर-आर्म. तुमच्या लॅपटॉपवर कंपायलर म्हणणार, असं फंक्शनच नाही. तुम्ही डोळे फाडून बघताय, फंक्शन समोर आहे. दिवस गेला.

लिनक्सवर कॅपिटल-स्मॉल वेगळं, विंडोज आणि मॅकवर डिफॉल्टला एकच. लिनक्स कर्नलमध्ये नेटफिल्टरच्या हेडर फाइलींच्या अशा जोड्या आहेत की ज्यांच्या नावात फरक फक्त कॅपिटल-स्मॉलचा. मॅकवर कर्नल क्लोन करा, एकही ओळ न बदलता गिट म्हणेल तुम्ही फाइली बदलल्यात. त्याच कर्नलमध्ये नूव्हो ड्रायव्हरची ‘ऑक्स’ नावाची सी फाइल आहे. ती विंडोजवर उतरतच नाही, कारण ‘ऑक्स’, ‘कॉन’, ‘पीआरएन’, ‘नल’ ही नावं डॉसच्या काळापासून यंत्रांसाठी राखीव आहेत. डॉस गेलं म्हणता? हे बघा, भूत अजून पिंपळावर आहे. म्हणून म्हणतो, टूल मेलं की जिवंत आहे ते आधी नाडी बघून ठरवा, अंदाजाने नको.

डेटाबेसचंही तेच. कोट न लावता नाव लिहिलंत तर पोस्टग्रेस ते सगळं स्मॉल करतो आणि ओरॅकल सगळं कॅपिटल करतो. जावाची सवय म्हणून पोस्टग्रेसमध्ये कॅपिटल मिसळलेलं टेबल एकदा कोटात घालून बनवा, मग जन्मभर प्रत्येक क्वेरीत कोट लावत बसा.

यातलं एकही आमच्या ७४ पानांत नव्हतं. एकही.

आता तुमचे आक्षेप घेतो. लंचला हेच ऐकतो, त्यामुळे पाठ आहेत.

पहिला आक्षेप: “नियम कुठलाही असो, सगळ्यांनी सारखा पाळला म्हणजे झालं.” अर्धं खरं आहे. पायथॉनची पेप ८ ही मार्गदर्शिका २००१ पासून आहे, ती स्वतःच सांगते की मार्गदर्शिकेशी सुसंगत राहणं महत्त्वाचं, प्रोजेक्टशी त्याहून महत्त्वाचं, आणि एकाच मॉड्यूलमध्ये सर्वांत महत्त्वाचं. पण ती हेही सांगते की कधी नियम सोडायचा ते कळलं पाहिजे. सगळ्यांनी मिळून ‘टीसी’ लिहिलं तर सगळ्यांच्या टेस्ट सारख्याच चालत नाहीत, एवढीच काय ती सुसंगती.

दुसरा: “जुनं कोड बदलायचे पैसे कोण देणार?” कोणी नाही, आणि बदलूही नका. जुनी नावं राहू द्या. नव्या कोडला नवा नियम लावा. आणि जे नाव आपल्या घराबाहेर जातं, जेसनची की, टेबलाचा कॉलम, ते फील्डच्या नावावरून आपोआप काढायचं नाही, ॲनोटेशन लावून हाताने लिहायचं. हे एक केलं असतं तर आमचा तो सोमवार उजाडलाच नसता.

तिसरा आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो: “टूलच्या तालावर माणसाने का नाचायचं? नाव माणसासाठी असतं ना?” इथे मी गडबडतो, कारण मी मराठी माणूस आहे.

मध्यंतरी मित्राच्या आग्रहाखातर सातबाऱ्यातल्या नोंदी वाचणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. गाव नमुना सात, गाव नमुना बारा, नमुना सहामधले फेरफार, आठ-अ. चार जण लिहीत होतो. फेरफारला महसुलातला इंग्रजी शब्द आहे म्यूटेशन, पण प्रोग्रामरच्या डोक्यात म्यूटेशन म्हणजे भलतंच काही. पोटखराब्याचं भाषांतर करायला गेलो तर तीन शब्दांचं वाक्य झालं. खातेदाराला ‘अकाउंट होल्डर’ म्हटलं की बँक आठवते. म्हणून ठरवलं, हे शब्द मराठीच ठेवायचे, रोमनमध्ये लिहून. ठीक. महिन्याने ‘गाव’ शोधायला ग्रेप मारला तर गाव तीन निघाली! एकाने एक ए लिहिला, दुसऱ्याने दोन, तिसऱ्याने सरकारी पद्धतीने शेवटी ओ-एन. खात्याच्या शेवटी कोणाचं ई, कोणाचं वाय-ए. कंपायलर काही बोलत नाही, स्पेलिंग तपासणारा सगळ्यांनाच लाल रेघ मारतो. एका ठिकाणी दोन स्पेलिंगांची दोन फील्ड्स एकाच क्लासमध्ये होती, एकात माहिती भरली जायची आणि दुसऱ्यातून वाचली जायची.

मग म्हटलं, रोमन कशाला? देवनागरीतच लिहू की! पायथॉन ३ मध्ये २००७ च्या पेप ३१३१ पासून इंग्रजीबाहेरची नावं चालतात. ‘किंमत’ हे व्हेरिएबल पायथॉन आनंदाने घेतो. पण त्याच पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला ‘शब्दातली अक्षरं शोध’ म्हणून सांगा. ‘किंमत’चे तो दोन तुकडे करतो: ‘क’ आणि ‘मत’. वेलांटी आणि अनुस्वार त्याच्या लेखी अक्षरं नाहीत, म्हणून तिथे शब्द तुटतो. ‘खातेदार’चे तर चार तुकडे, ख, त, द, र. एकाच भाषेचा एक हात म्हणतो हे नाव आहे, दुसरा हात म्हणतो हा चिवडा आहे. ‘शेतकर्‍याचे’मधला तो रफारासारखा अर्धा र जुन्या पद्धतीने, अदृश्य जोडाक्षर वापरून टाइप केलात तर पायथॉन ते नाव म्हणून घेतच नाही; नुक्तावाल्या ऱ ने टाइप केलात तर घेतो. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात.

गोमध्ये तर वेगळीच मजा. तिथे नावात फक्त अक्षरं आणि अंक चालतात, मात्रा चालत नाहीत. म्हणजे ‘वजन’ चालतं, ‘किंमत’ चालत नाही! ‘घर’ चालतं, ‘शेत’ नाही. गोच्या प्रश्नोत्तरांच्या पानावर हे कबूल केलंय, देवनागरीचं नाव घेऊन. शिवाय गोमध्ये पॅकेजबाहेर दिसायचं असेल तर नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल लागतं. आपल्याकडे कॅपिटलच नाही. म्हणजे ‘वजन’ जन्मभर घरकोंबडं, बाहेर पडायचं तर पुढे रोमन कॅपिटल अक्षराचं कुंकू लावून.

इथे टूल जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि चूक आहे. मग काय करायचं? आजच्यापुरता नियम पाळायचा, कारण उद्या रिलीज आहे. आम्हीही रोमनवर परत आलो. पण शब्दांची एक यादी केली, प्रत्येक मराठी शब्दाचं एकच स्पेलिंग, आणि बिल्डमध्ये एक छोटी स्क्रिप्ट घातली, यादीबाहेरचं स्पेलिंग दिसलं की बिल्ड लाल. तेव्हापासून गाव एकच आहे. मात्र ‘देवनागरी कोडमध्ये चालत नाही’ असं जे आपण सहज बोलतो ते मी आता बोलत नाही. ते लिपीचं दुबळेपण नाही, कोणीतरी घेतलेला निर्णय आहे. टूलपुढे वाकावं लागतं, पण कोणापुढे आणि का वाकलो ते लिहून ठेवावं, म्हणजे ते टूल सुधारलं की सरळ उभं राहता येतं.

एवढीच माझी मागणी आहे. नियमासमोर एक रकाना असावा: हा नियम कुठल्या टूलसाठी, कुठल्या आवृत्तीसाठी. रकान्यात टूलचं नाव येत नसेल तर ‘वाचणाऱ्या माणसाला यातून असं काय कळतं जे टूलला दिसत नाही’ याचं एका ओळीत उत्तर असावं, सिमोनीच्या ओळी-स्तंभासारखं. दोन्ही नसेल तर नियम खोडा. आणि जो नियम उरेल तो मशीनने तपासावा. माणसाने माणसाच्या अंडरस्कोरवर रिव्ह्यूमध्ये बोट ठेवणं बंद. त्यात फक्त मनं दुखावतात, आणि खरी चूक तेवढ्यात मागच्या दाराने निघून जाते.

“टूल नवीन आणलं कोणी?” या साहेबांच्या प्रश्नाला तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आता सुचलंय. टूल येणारच. दर वर्षी येणार. नियम लिहिणाऱ्याने रकाना भरून ठेवला असता, की हे अक्षर व्हिज्युअल बेसिकच्या काळातलं आहे, तर जावा आली त्याच दिवशी ते गळलं असतं. ज्याने रकाना रिकामा ठेवला त्याची चूक बावीस वर्षांच्या पोरीच्या नावावर लागली. आणि माझीही चूक होतीच. शुअरफायर ‘टीसी’ उचलत नाही हे मला मीटिंगच्या आदल्या रात्रीच सापडलं होतं. मी ते मेलमध्ये लिहिलं, मीटिंगमध्ये मोठ्याने बोललो नाही.

पीडीएफ सापडल्यावर तिला मेल टाकला. बऱ्याच वर्षांनी. अप्रेझलमधलं ते वाक्य चुकीचं होतं, तुझी टेस्ट बरोबर होती, ती चालवली गेली नाही, असं सविस्तर लिहिलं. तिचं उत्तर दोन ओळींचं आलं. “थँक्स सर. टेस्ट चालत नव्हती हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी इतकी वर्षं समजत होते की मी ती चुकीची लिहिली.”

सोमवारी आमच्या आत्ताच्या ऑफिसात नामकरणाचं नवीन डॉक्युमेंट मला सादर करायचंय. एका पानाचं आहे. रकाना आहे त्यात.